माउलीला माउली कोण?

वारकरी बंधुभगिनींनो, आपल्या संप्रदायात एकमेकांना हाक मारावयाची ती ‘माउली’ म्हणून. ज्ञानोबाराय माउली, पंढरीचा विठोबा विठाई माउली, आणि वारीच्या गर्दीत चुकून ज्याला पाय लागला तोही माउलीच. पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याला आणि दहा वर्षांच्या पताकेकऱ्यालाही आपण हाच मान देतो. मात्र एक विचार मनाशी करा. जी खरोखरीची माउली आहे, जिच्या मांडीवर तान्हे, चुलीवर भात, दारात उभी सासू आणि डोळ्यांत चार रात्रींची झोप, तिला माउली कोण? ती दमली म्हणजे तिने कोणाच्या पदरात तोंड लपवावे? या महिन्याचे निरूपण आम्ही ह्याच प्रश्नावर करीत आहोत.

प्रश्न आमचा नाही. शिळफाट्यावरच्या एका म्हातारीने तो आमच्या पदरात टाकला. शिळफाटा म्हणजे खोपोलीचे तोंड. पेणेकडून येणारा रस्ता येथे मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्याला मिळतो आणि पुढे बोरघाट लागतो. कार्तिक वद्य एकादशीला आळंदी गाठावयाची म्हणून कोकणपट्टीच्या दिंड्या ह्याच वाटेने घाट चढतात. जवळच साजगाव आहे. या मुलखाची ती धाकटी पंढरी. कार्तिकी एकादशीपासून तेथे यात्रा भरते. सुक्या मासळीच्या बाजारावरून लोक त्या देवाला बोंबल्या विठोबा म्हणतात. नावाला हसू नये. आगरी, कोळी, कुणबी, ठाकर सगळ्यांना जो आपला वाटतो, त्याला लोक आपल्याच घरातले नाव देतात. तुकोबाराय व्यापारासाठी या बाजारात येत, अशीही परंपरा येथे सांगतात.

कीर्तन झाले, बुक्का लावून झाला, माणसे पांगली. तेव्हा ती म्हातारी जवळ आली आणि हळूच म्हणाली, “बुवा, सून बाळंत होऊन तिसरा महिना चाललाय. पोराला नीट घेत नाय. भिताडाकडं तोंड करून रडत बसते. कोण म्हणतं बाहेरचं हाय, कोण म्हणतं नाटकं करते. आमच्या बायकांचं भजन बसतं दुपारचं. तिला नेऊ का? चालतं का बाळंतिणीला?”

एवढ्याशा प्रश्नात तीन प्रश्न आहेत. बाळंतिणीला भजनाचा अधिकार आहे काय? भजनाने तिचे दुःख हलके होते काय? आणि होत असेल तर भजन कसे करावे? आम्ही पाठशाळेत शिकलो तेव्हा गुरुजी सांगत की कोणताही ग्रंथ हाती घेतला की प्रथम चार गोष्टी पाहाव्या: अधिकारी कोण, विषय काय, प्रयोजन काय आणि संबंध कसा. त्याच चार खुंट्यांवर हा विचार टांगून पाहू.

अधिकारी

यज्ञाला अधिकार लागतो, मुहूर्त लागतो, सोवळे लागते. नामाला ह्यातले काही लागत नाही. हा आपल्या संप्रदायाचा पायाच आहे आणि त्यावर वाद नाही. तरीही घराघरांतून आम्ही ऐकतो की सोयर आहे, अमके आहे, तमके आहे, टाळाला हात लावू नकोस. अशांनी सोयराबाईंचे चरित्र आठवावे. त्या चोखोबारायांच्या पत्नी. देह ज्या विटाळापासून घडतो त्या विटाळाला सोडून शुद्ध असा जन्मला तरी कोण, हा त्यांचा प्रश्न सहाशे वर्षांहून अधिक काळ आपल्यापुढे उभा आहे, आणि त्याला उत्तर कोणत्याही शास्त्र्याने दिलेले नाही.

त्याच सोयराबाईंची बाळंतपणाची कथा संप्रदायात प्रसिद्ध आहे. दिवस भरले होते, घरात अन्नाचा दाणा नव्हता आणि चोखोबा बहिणीच्या, निर्मळेच्या गावी गेलेले. तेव्हा पांडुरंग नणंदेचे रूप घेऊन आला आणि त्याने तिचे बाळंतपण केले. कथेचा अर्थ काय घ्यावयाचा तो घ्या. आम्ही एवढाच घेतो की बाळंतिणीच्या खोलीत शिरताना देवाला विटाळ आडवा आला नाही. मग बाळंतिणीने देवाच्या दारात यावयाला तो आडवा कसा येईल?

बहिणाबाईंचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. शिऊरच्या बहिणाबाईंनी आपले चरित्र आपल्याच अभंगांतून सांगितले आहे. कीर्तनाला जाते, तुकोबांचे नाव घेते म्हणून नवऱ्याने त्यांना मारले, कोंडले. पोटात मूल असतानाच तो घर सोडून जावयास निघाला होता. पुढे त्याचेच मन पालटले, कुटुंब देहूस आले, आणि तेथे बहिणाबाईंना कन्या झाली. तुकोबारायांचे कीर्तन ऐकणारी ही बाई लेकुरवाळी होती, ही गोष्ट आपण विसरतो. संत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संसार सोडलेला पुरुष येतो. कडेवर मूल घेऊन मंडपात मागे बसलेली बाई येत नाही.

म्हणून पहिला निर्णय असा की बाळंतिणीला भजनाचा अधिकार पूर्ण आहे. फक्त तिची आणि बाळाची प्रकृती हिंडण्याफिरण्याजोगी असावी. तो वैद्यकाचा प्रश्न झाला, धर्माचा नव्हे.

विषय

आता तिच्या दुःखाकडे वळू. “बाहेरचं हाय” आणि “नाटकं करते” ही दोन्ही निदाने खोटी आहेत. बाळंतपणानंतर येणारे औदासीन्य हा आजार आहे, आणि तो चार-दोघींचा नाही. आपल्या देशातील ३८ अभ्यास व त्यांतील सुमारे वीस हजार माता यांचा एकत्र विचार करून २०१७ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे शंभर मातांमध्ये बावीस जणींना हा त्रास असतो. म्हणजे पाच बाळंतिणींमागे एक. ज्या मंडपात पन्नास तरुण माता बसल्या असतील, तेथे दहा-अकरा जणी हे भोगत असतील किंवा भोगून उठल्या असतील. आणि आम्ही कीर्तनकार वर उभे राहून त्यांना सांगतो, आईच्या प्रेमाला तोड नाही! ते खरेच आहे. पण त्या क्षणी ज्या बाईला बाळाबद्दल काहीच वाटत नाही, तिला ते वाक्य काट्यासारखे टोचते. तिला वाटते, मी एकटीच अशी वाईट.

पूर्वीच्या बायांना हे दुःख नव्हते असे कोणी म्हणू नये. त्यांना ते सांगावयाला जागा होती, ती म्हणजे जाते. पहाटे दोघीजणी समोरासमोर बसत, एकच खुंटा दोघींच्या हातात, आणि घरघरीच्या आडोशाने एक ओवी ही म्हणे, एक ती. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेले लेकरू, पंढरीची वाट, सगळे त्यात येई. सासू ओटीवर झोपलेली असली तरी बिघडत नसे, कारण ते बोलणे नव्हते, गाणे होते. जनाबाई नामदेवरायांच्या घरची दासी. तिच्यासंगे पांडुरंग दळू लागला, असे आपण मानतो आणि पंढरपुराजवळ गोपाळपुरात तिचे जाते आजही दाखवितात. एकट्या बाईला दळण जड जाते, दुसरा हात लागतो, हे देवाला कळले होते.

साने गुरुजींनी ह्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ हा संग्रह केला. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉईतवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि २०१७ पासून त्या ‘परी’ या संस्थेच्या संग्रहातून लोकांपुढे येत आहेत. लाखभर ओव्या! इतके साठले होते बायकांच्या पोटात. गिरणी आली, हात मोकळे झाले, ते चांगलेच झाले. जाते परत आणा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु जात्याबरोबर ती समोर बसणारी दुसरी बाई गेली, तिच्या जागी कोणी आले नाही.

शिळफाट्याचे पाहा. खोपोलीस १९१५ साली टाटांचे वीजघर झाले, पुढे कारखाने आले, देशावरून, कोकणातून, परप्रांतातून कुटुंबे आली. नवरा पाळीवर, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. बाई एका खोलीत तान्ह्या मुलासह. माहेर दूर. शेजारीण आहे, पण दार लावलेले आहे. बाहेर रस्त्यावर रात्रंदिवस गाड्यांची रांग, आणि आत असे एकटेपण! आपल्या रायगड-ठाण्याकडे लग्नात धवला गाणारी धवलारीण असते. बारशाला पाळणा असतो. पण लग्नातले गाणे वधूवरांसाठी, पाळणा बाळासाठी. बारसे झाले, पाहुणे गेले, त्या दुसऱ्या दिवसापासून आईसाठी कोण गाते? कोणी नाही. दुपारचे बायकांचे भजन ही आमच्या मते तेवढी एकच जागा उरली आहे, जेथे तिच्यासमोर पुन्हा कोणी बसते.

प्रयोजन

येथे विद्वान वारकरी आम्हांला अडवतील. पूर्वपक्ष असा: भजन भगवंतासाठी करावे, प्रकृतीसाठी करणे हे सकाम झाले. आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याला शास्त्रातूनच उत्तर देतो. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात आंब्याचा दृष्टान्त आहे. आंबा फळासाठी लावतात, पण सावली आणि सुगंध त्याच्यामागून आपोआप मिळतात. तसेच हे आहे. नामाचे फळ नामच. मनाची उभारी ही त्याची सावली. पण उन्हात पोळलेला माणूस झाडाखाली येतो तो आधी सावलीसाठीच येतो. त्याला कोणी हाकलून देतो काय? आधी बसू द्या, फळ पुढे त्याला दिसेलच.

ही सावली आहे याला आता विलायतेतूनही साक्ष मिळाली आहे. लंडनमध्ये या आजाराची लक्षणे असलेल्या १३४ मातांचे तीन गट पाडले. एका गटाला नेहमीची देखभाल, दुसऱ्याला बाळासह सामूहिक खेळ व कलाकुसर, तिसऱ्याला बाळासह सामूहिक गाणे, असे दहा आठवडे चालले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांचा आजार मध्यम किंवा तीव्र होता त्यांच्यात नेहमीच्या देखभालीपेक्षा गाणाऱ्या माता लवकर सावरल्या. पहिल्या सहा आठवड्यांतच त्यांची लक्षणे सरासरी ३५ टक्क्यांनी उतरली. अखेरीस तिन्ही गट सुधारले, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. फरक पडला तो वेगात. पण तान्हे मूल घरात असताना एक महिना लवकर बरे वाटणे याचे मोल कोणत्याही आईला विचारा.

असे का व्हावे? आपल्या भजनाची घडणच पाहा. अभंगाचा चरण लांब असतो, तो एका दमात म्हणावयाचा तर श्वास सावकाश सोडावा लागतो. श्वास लांबला की छातीतली धडधड मंदावते. इटलीतील अभ्यासकांनी २००१ साली जपमाळेची प्रार्थना व मंत्र यांच्या पठणात श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो असे दाखविले. स्वीडनमध्ये २०१३ साली एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकाच लयीत कमीअधिक होतात असे आढळले. आमच्या टाळकऱ्यांना हे यंत्रावाचून ठाऊक आहे. पखवाजाची थाप पडली आणि पन्नास टाळ एका ठिकाणी वाजले की माणसाला ‘मी’ कोठे संपलो ते कळत नाही.

दुसरी गोष्ट ध्रुपदाची. पुढची बाई चरण म्हणते आणि बाकीच्या ध्रुपद धरतात. ज्या बाईच्या तोंडून शब्द फुटत नाही, तिला स्वतः काही सुचण्याची गरज नाही. दहाजणींनी उचललेल्या ओळीखाली तिने आपला आवाज नुसता ठेवावयाचा. थकलेल्याला पालखीचा एक खांदा द्यावा, भार मात्र सगळ्यांनी वाहावा, तसे हे आहे.

संबंध, म्हणजे रीत

त्या म्हातारीला आम्ही दोन गोष्टी सांगितल्या आणि त्यांचा क्रमही सांगितला. आधी सुनेला दवाखान्यात न्या, मग भजनाला आणा. भगताकडे नेऊ नका. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. गावात आशाताई आहेत. सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीसेवा २०२२ पासून आहे, १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री फुकट बोलता येते. आणि बाळंतीण स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचे वेडेवाकडे बोलू लागली, रात्र रात्र जागून भलतेसलते पाहू लागली, तर एक घटकाही थांबू नये, तिला एकटी ठेवू नये. तेथे भजन औषधाच्या जागी नाही. आम्ही बुवा आहोत, वैद्य नव्हे. नामाच्या नावाखाली औषध बंद करावयास जो सांगेल तो नामाची निंदाच करतो.

माघात आम्ही पुन्हा त्या बाजूला गेलो तेव्हा म्हातारी भेटली. सुनेला औषध चालू होते. भजनालाही येत होती, पण म्हणे, “गात नाय काय. पोर मांडीवर घिऊन बसते. परवा मात्र ध्रुपदाला ओठ हालले.” आम्ही म्हटले, पुष्कळ झाले. ओठ हलले ना, घाई करू नका.

आता बायकांच्या मंडळींना आमच्या हातून चार सूचना.

पट्टी आपली धरा. पुरुषांच्या भजनात बसून बायका पुरुषांच्या पट्टीत गातात आणि घसा ताणतात किंवा गप्प बसतात. पेटीवर आपल्या गळ्याला सोसेल तो स्वर लावा. ज्या स्वरात सर्वांत लाजरी बाई गाऊ शकते, तो मंडळीचा स्वर.

तान्ह्याच्या कानाशी टाळ वाजवू नका. लेकुरवाळी बाई असेल तेथे टाळी पुरते. ध्वनिक्षेपक तर नकोच. देव बहिरा नाही आणि बाळाचे कान कोवळे आहेत. मूल रडले तर बाईकडे वळून पाहू नका, अंगावर पाजावयाचे असेल तर कडेला आडोसा ठेवा. मुलाचे रडणे हाही एक सूरच समजा.

स्पर्धेपासून जपा. कामगार कल्याण मंडळासारख्या संस्था महिलांच्या भजनस्पर्धा घेतात, त्यातून कित्येकींना धिटाई आली, हे चांगले आहे. परंतु ज्या दिवशी बक्षिसासाठी बेसूर बाईला मागे बसविले जाते, त्या दिवशी भजनाचे भजनपण गेले. सगळ्यांनी एकाच रंगाची साडी घ्यावी, ज्या घरी भजन त्या घरी फराळ असावा, हेही आम्ही पाहतो. गरीब घरची बाई मग अंग चोरते. फुटाणे आणि पाणी पुरे. बाळंतिणीला आल्या आल्या प्रश्न विचारू नका. “दूध पुरतं का, मुलगाच हवा होता का, एवढी वाळलीस का,” हे ऐकावयाला ती आली नाही.

शेवटची सूचना पुरुषांना, कारण हे मासिक घरी बहुधा तेच आधी वाचतात. बाईला आठवड्यातून दोन दुपारी तासभर मोकळीक लागते. ती कोणी द्यावयाची? पांडुरंगाने जनाबाईबरोबर दळण दळले, तिच्या शेणी वेचल्या, सोयराबाईच्या घरी जाऊन बाळंतपण केले. ही चरित्रे आम्ही मंडपात रंगवून सांगतो, आपण माना डोलावता, डोळे पुसता आणि घरी जाऊन विचारता, “अजून भात झाला नाही?” अहो, ज्याला वैकुंठ सोडून दळावयाला लाज वाटली नाही, त्याची माळ आपल्या गळ्यात आहे! मोठे मूल सांभाळावे, भाताचे आधण ठेवावे, तासभर कोणास न विचारता घर चालवावे. यालाही सेवा म्हणतात, आणि त्या दिवशी आपला हरिपाठ राहिला तर तो पांडुरंग रुसणार नाही, हे आम्ही जबाबदारीने सांगतो.

तर प्रश्न होता, माउलीला माउली कोण? विठाई आहेच. परंतु विठाई येते ती कोणाचे तरी रूप घेऊन येते, कधी नणंदेचे, कधी जात्यापाशी बसलेल्या दुसऱ्या बाईचे. आपल्या आळीत कोणी नवी बाळंतीण असेल, आणि कित्येक दिवसांत ती ओट्यावर दिसली नसेल, तर पुढच्या भजनाला जाताना तिच्या दारावर थाप मारा. उपदेश करू नका. “चल, नुसती बस,” एवढेच म्हणा. पुढचे काम ध्रुपद करील.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम. रामकृष्णहरि.